टोपलीभोवतीची गर्दी

वाशीची एसीतली नोकरी सोडून समृद्धीने आईच्या सुक्या मासळीची वेबसाइट काढली, तेव्हा सुकापूरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये सुतक पडल्यासारखी शांतता पसरली. तिची आई दमयंतीबाई पनवेलच्या बाजारात बसायची. जवळा आणि बोंबील कोणी चित्र बघून घेईल, ही कल्पनाच तिला निर्लज्जपणाची वाटत होती.

"वास नाय, हात लावायचा नाय. गिऱ्हाईक काय तुज्या तोंडाकडं बघून घेनार?" असं विचारून झाल्यावर तिने अट घातली. नारळी पौर्णिमेपर्यंत रोज शंभर माणसं तरी वेबसाइटवर डोकावली पाहिजेत. नाहीतर दुकान बंद, आणि काशीराममामाने उरणच्या कंटेनर यार्डात बोलून ठेवलेली कारकुनी मुकाट्याने पत्करायची. यार्डाचं नाव निघालं की समृद्धी विषय बदलायची. मामा तिथे साहेबांचा उजवा हात होता आणि घरी येऊन साहेबांसारखाच बोलायचा.

आता आकडे दाखवायचे तर आईला कळतील असे दाखवायला हवेत. वेबसाइटवर कोण आलं-गेलं याचा हिशेब दाखवणाऱ्या अनॅलिटिक्सच्या डॅशबोर्डवर नुसत्या इंग्रजी चौकटी. पण चौकटींची नावं बदलता येतात, जागा बदलता येतात, नको ती काढून टाकता येतात. ही सोय ज्याने केली त्याच्या डोळ्यांसमोर दमयंतीबाई नक्कीच नसावी. समृद्धी लॅपटॉप घेऊन आईशेजारी बसली आणि एकेका चौकटीचं बारसं सुरू झालं.

किती लोक आले, त्या चौकटीचं नाव ठरलं 'टोपलीवर आलेली'. किती वेळ थांबले, ती 'घासाघीस'. पहिलं पान बघून लगेच निघून जातात त्यांचं प्रमाण समजावताना तर आईने वाक्य पुरंही होऊ दिलं नाही.

"भाव इचारून पलालेली," ती म्हणाली. "ती चौकट सगल्यांत वर ठेव. मना तीच बघायची हाय."

पहिल्या आठवड्यात टोपलीवर चिटपाखरू नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात मात्र आकडा टुणकन उडी मारून शंभराच्या वर गेला. समृद्धी हरखली. पलालेली शंभरात शहाण्णव होती, पण ते चालायचंच. आई मात्र ती चौकट बघून लाल झाली.

"शहान्नव? लाज नाय वाटत त्यांना?" ती तणतणली आणि मोबाइल घेऊन गॅलरीत गेली.

समृद्धीने पहिलं पान सुधारायला घेतलं. फोटो मोठे केले, जवळ्याला पिवळी चौकट दिली. चार दिवसांत पलालेली निम्म्यावर आली आणि घासाघीस वाढली. समृद्धी इतकी फुशारली की वाशीच्या जुन्या मैत्रिणींना फोन करकरून रंगसंगतीवर व्याख्यानं देऊ लागली. ऑर्डर एकही नव्हती, पण एवढी माणसं आली आहेत म्हटल्यावर ऑर्डर काय, येईलच.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी तिला वाटलं, माणसं कुठून येतात तीही चौकट लावावी.

"ती कशाला?" आई घाईघाईने म्हणाली. "गिऱ्हाइकाला कुनी गाव इचारतं का?"

समृद्धीने लावलीच. ठाणं नाही, पुणं नाही. जवळजवळ सगळी वस्ती उरणची. तीसुद्धा दुपारची जेवणं आटोपल्यावर यायची, पंधरावीस मिनिटं जवळा बघायची आणि एकदम उठून जायची. उरणजवळ करंजाला आईचं माहेर. समृद्धीने मैनामावशीला फोन लावला.

"आज जरा उशीर झाला गो," मावशी तिचा आवाज ऐकताच म्हणाली. "पोरी मोबाइल घेऊन बसल्याच हायत. तुजी आये बोलली तसं आत जाऊन सगल्या मासलीला हात लावतो आमी. नुसतं दारातून पलत नाय."

समृद्धीने फोन ठेवला. उरण वगळून चाळणी लावली, तर 'टोपलीवर आलेली' समोर उरले नऊ. तिची पिवळी चौकट, तिची व्याख्यानं, सगळं करंजाच्या बायकांनी अंगठ्याने ढकललेलं होतं. चाळणी काढली की पुन्हा शंभर, आणि यार्ड टळलं. दोन दिवसांचाच प्रश्न होता. पण तिला खोट्या टोपलीवर बसून राहायचं नव्हतं. तिने लॅपटॉप उचलून आईसमोर ठेवला.

"हे खरे. नऊ. बाकी तुझी करंजाची फौज."

दमयंतीबाई जराही ओशाळली नाही. "मंग? मी नवी नवी बाजारात बसले तवा मैना नि तिच्या जावा टोपलीभोवती उभ्या ऱ्हायच्या. मोकल्या टोपलीवर कुनी येत नाय बाय. चार बाया वाकलेल्या दिसल्या की पाचवी येते."

"अगं, पण इथे दिसत नाही ना कोणाला. आत शंभर जणी असल्या तरी नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, आपण एकटेच आलोय."

आईने वाकून स्क्रीनमध्ये पाहिलं. एवढा मोठा कारभार, जगभर पसरलेला, आणि शेजारी कोण उभं आहे ते दिसत नाही, हे तिच्या डोक्यात शिरेना.

"असला कसला मुडदा बाजार," ती शेवटी पुटपुटली.

समृद्धीला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ भलतंच काहीतरी कळलं. अट घातली आईने, आणि इतके दिवस तिकडे माणसं उभी करून स्वतःचीच अट हरायची खटपट करत होती तीही आईच. काहीतरी गोड बोलावं म्हणून तिने तोंड उघडलं, तेवढ्यात आईचा फोन वाजला. काशीराममामा होता. यार्डात माणूस पाहिजे, पोरीचं काय ते आजच सांग, असं तो इतक्या जोरात म्हणाला की समृद्धीला सगळं ऐकू आलं.

आईने फोन कानाला धरून डॅशबोर्डकडे पाहिलं. चाळणी तशीच होती. तिने नऊचा आकडा नीट वाचला.

"नाय येत ती," आई भावाला म्हणाली. "गिऱ्हाइकांतून डोकं वर काढायला फुरसत नाय तिला."