पाचवा नंबर हिरवा

शनिवारी दुपारी रज्जाक मणियाराची मोटार त्याच्या अंगणात पोट उघडून पडली होती, आणि सोमवारी दुपारी बारा वाजता ती वाशिमच्या कचेरीपुढे उभी असायला हवी होती. तीही स्वतःच्या जोरावर. ढकलत, ओढत किंवा बैल जुंपून आणलेल्या मोटारीला परवाना मिळणार नाही, असं तिथल्या साहेबाच्या कागदात स्पष्ट लिहिलं होतं. यावरून साहेबाला आमच्या भागाची चांगली माहिती असावी.

परवाना हुकला तर मालेगाव–मेडशी रस्त्यावर उतारू नेण्याचा हक्क दुसऱ्याला जाणार होता आणि रज्जाकच्या डोक्यावर पुन्हा बांगड्यांची पेटी येणार होती. पंधरा वर्षं त्याने ती गावोगाव वाहिली होती. टाळूवर पेटीने पाडलेली सपाटी तो टोपी काढून कोणालाही दाखवत असे.

मोटार जुनी होती. चढाला धापा टाकायची. अकोल्याचा मिस्त्री येतो म्हणाला होता; कधी ते म्हणाला नव्हता. तेव्हा आम्हीच काम काढलं. रज्जाककडे पाने-पेचकस होते. माझ्याकडे मोटारदुरुस्तीचं एक इंग्रजी पुस्तक आणि बी. ए.ची पदवी होती. दोन्ही उपयोगी पडतील असं मला वाटलं. पुस्तक पडलंही असतं.

त्या इंजिनात आठ व्हॉल्व होते. दांडीवर बसवलेली लोखंडी बशी डोळ्यापुढे आणा. ती आपल्या भोकावर घट्ट बसली तर इंजिनात दम राहतो. रज्जाकने आठही काढले, बांगडीच्या मापाने मोजले आणि खूश झाला.

"मास्तर, आठी एकाच मापाचे! काहीच झंझट नाही."

एका मापाचा माल एका दोऱ्यात, हा मणियाराचा धर्म. त्याने आठही दोरीत ओवून खुंटीला टांगले. त्या वेळी माझ्या हातात जे पान होतं त्यावर काही किरकोळ सूचना होत्या. मी पान उलटलं.

रविवारी सकाळी सगळं परत बसवून रज्जाकने हँडल मारलं. इंजिन चालू होताना हँडल हाताला झटका देतं. हे रहाटासारखं गुळगुळीत फिरलं. त्याने वीस वेळा मारलं. मग मी दहा वेळा मारलं. त्याने फरक एवढाच पडला की माझा खांदा दुखू लागला.

समोरच्या निंबाखाली तांड्यावरचा रतनसिंग बैलजोडी घेऊन बसला होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

"रज्जाक, जुपू का?"

"चूप बस."

"नाही, बैल रिकामेच हायेत. साहेबाले म्हनजो, मोटार नवीन हाये, अजून चालाले शिकून राह्यली."

रज्जाक उठला, बसला, पुन्हा उठला. विझलेली बिडी पेटवायला काडी काढली, ओढली आणि बिडी न पेटवताच टाकून दिली. मला म्हणाला, "मास्तर, किताब पुन्हा पाहा. काहीतरी सुटलं असन."

काय सुटलं असावं याचा मला अंदाज येऊ लागला होता. म्हणून मी पुस्तक शेवटाकडून पाहायला लागलो. तेवढ्यात रज्जाकची बायको सुगराबी चहा घेऊन आली. पुरुषांना पेटी आणि बायांना हात, अशी त्यांच्या घरात कामाची वाटणी होती. रज्जाक माल वाही आणि गावच्या तमाम बायांच्या मनगटांत बांगड्या ती भरी. तिने माझ्या हातचं पुस्तक घेतलं आणि चित्रं पाहत सावकाश पानं उलटू लागली. अक्षर तिला येत नव्हतं. आकडे येत होते, कारण बांगड्यांच्या डब्यांवर असतात.

"मास्तर, या बशायवर आकडे कायले काढले हो? एक, दोन, तीन... आठ."

मी चहा प्यालो. चहा खूप गरम होता, पण मी प्यालो.

"ते... प्रत्येक व्हॉल्व ज्या भोकातून काढला त्याच भोकात परत जावा, म्हणून."

"मंग तुमी कालच काहून नाही सांगतलं?"

"पान उलटलं."

रज्जाकने माझ्याकडे पाहिलं. तो शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पन एकाच मापाचे होते ना," तो म्हणाला, पण मला नव्हे, स्वतःलाच.

"जमीलाच्या अब्बा," सुगराबी म्हणाली, "एका मापाच्या बारा बांगड्या घ्या. जे एकीच्या हातात सुरकन जाते ते दुसरीच्या हातात फुटते. पंधरा साल पेटी वाह्यली तुमी, पन हात कधी पाह्यला काय कोनाचा?"

"लोकायच्या बायकायचा?" रतनसिंग निंबाखालून म्हणाला. "पाह्यला असता तर पेटीच फुटली असती."

कोणता कुठला होता ते आता समजणार नव्हतं. उपाय एकच: जो ज्या भोकात पडेल त्याला तिथेच घासून बसवायचं. रज्जाकने बाजारातल्या धारवाल्याकडून कुरुंदाची पूड आणली, तेलात कालवली आणि पेचकसाने पहिला व्हॉल्व रगडायला घेतला. त्याच्या हातात सोमवारची घाई होती. तो एवढा दाबत होता की बशीवर ओरखडे उमटले. मी एकाच दिशेने गोल गोल फिरवला. मला ते शास्त्रीय वाटलं.

"सरका," सुगराबी म्हणाली. "असं रगडता? पोरीच्या हाताचं कातडं निघन."

तिने पेचकस दोन्ही तळव्यांत धरला. अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे, जरा उचलायचा, पुन्हा टेकवायचा. बांगडी चढवतानाचा तोच हात. घटकाभराने तिने व्हॉल्व पुसून दाखवला. कडेला राखाडी रंगाचा गोल उमटला होता, कुठेही न तुटलेला. मी पुस्तकात पाहिलं. चित्रात तसाच होता.

खुणेसाठी तिने आठ रंगांच्या आठ बांगड्या काढल्या आणि प्रत्येक भोकाजवळ एकेक ठेवून त्या भोकाचा घासलेला व्हॉल्व तिच्यातच ठेवला: पहिला लाल, दुसरा पिवळा, पाचवा हिरवा. दिवस मावळेपर्यंत आठही झाले. सोमवारी सकाळी आम्ही इंजिन बांधत गेलो, आणि बांगड्या मोजून उचलण्याचं काम मला देण्यात आलं. त्यात वाचायचं काही नव्हतं.

तिसऱ्या हँडलला झटका बसला. मोटार खोकली, थरथरली आणि चालू झाली. रतनसिंगचे बैल बुजले. रतनसिंग त्यांना ओरडला, "आता कायले पळता? तुमचंच काम गेलं!"

वाशिमपर्यंत मोटार रज्जाकने चालवली. प्रत्येक खड्ड्याला तो इंजिनाचा आवाज ऐके आणि मी रज्जाकचा चेहरा पाही. कचेरीपुढे पोचलो तेव्हा बाराला दहा कमी होते.

साहेबाने दिवे पाहिले, ब्रेक पाहिला. मग इंजिनावरचं झाकण उचललं आणि आत बराच वेळ वाकून राहिला. सरळ झाला तेव्हा त्याच्या बोटावर एक हिरवी बांगडी होती.

"ही काय भानगड?"

मी मनातल्या मनात मोजलं. सातच उचलल्या होत्या.

रज्जाकने टोपी काढली. सपाटी दिसली.

"पाचवा नंबर हाये, साहेब."

"दुरुस्ती कोणी केली?"

"घरच्यायनं."

साहेबाने बांगडी उन्हात धरून पाहिली, इंजिनाचा आवाज ऐकला, पुन्हा बांगडी पाहिली. मग ती रज्जाकच्या हातात ठेवून कागदावर शिक्का मारला.

परत येताना चढ लागला. मोटार धापा न टाकता चढली. वर पोचल्यावर रज्जाकने बांगडी माझ्या मांडीवर टाकली.

"तुमच्या भाभीले तुमीच द्या," तो म्हणाला. "आन ते पान वाचून दाखवा. पुरं."