डिसेंबरात फिरणारा पंखा

मी एक जुना टेबल पंखा आहे, मित्रांनो. पाती निळी, जाळी दोन ठिकाणी वाकलेली. शिवाजी पेठेतल्या बांगड्यांच्या एका दुकानात मी राहतो. गेल्या डिसेंबरात सगळं कोल्हापूर कानटोपी घालून फिरत होतं आणि मी दिवसभर तीन नंबरवर पळत होतो. येणारं-जाणारं माणूस हसायचं. मला हसू येत नव्हतं. मला भीती वाटत होती.

कारखान्यात तांब्याची तार गुंडाळून मला घडवलं. चमन मणेराने लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मला विकत आणलं, ते बायकोसाठी. तिचं नाव मदिना. घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. नवरीचा हिरवा चुडा भरायचा तर पेठेतल्या बायका पोरीला घेऊन मदिनाकडेच यायच्या. ती पोरीचा हात असा चेपायची, अंगठ्याचं हाड असं आत वळवायची, की बांगडी कधी चढली ते पोरीला कळायचंही नाही. आमच्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. सव्वीस वर्षांत नवरीच्या हातावर मदिनाकडून एकही बांगडी वाढली नव्हती. तेव्हा माझंही कौतुक व्हायचं. “काय गार वारा हाय गं मदिना तुझ्या पंख्याचा!” म्हणत बायका उगाच अर्धा तास जास्त बसायच्या. पुढे छताला मोठा पंखा आला आणि मी माळ्यावर गेलो. नऊ वर्षं धूळ खाल्ली. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही रागावलो नाही. वस्तूचं असंच असतं. माणसाचं असं असू नये.

दोन वर्षांपूर्वी मदिनाचा चेहरा सुजला. केस फणीत यायला लागले. भर मे महिन्यात ती शाल पांघरून बसायची. तपासणी केली तर थायरॉईड निघालं. रोज उठल्यावर उपाशीपोटी, पाण्याबरोबर, एक गोळी. ती नेमानं घेऊ लागली आणि चेहऱ्याची सूज उतरली. तेवढ्यात पाळी पुढंमागं व्हायला लागली. दोन-दोन महिने पत्ता नाही, आणि आली की आठवडाभर थांबायची नाही. बसल्या बसल्या छातीतून जाळ निघून कानापर्यंत चढायचा. घामानं ओढणी भिजायची, आणि पाच मिनिटांत तीच बाई गारठून थरथरायची. तेव्हा तिनं मला माळ्यावरून खाली काढलं. पुसलं, तेल घातलं. ती जिथं जाईल तिथं मला उचलून नेऊ लागली.

चमन मनानं वाईट नाही, पण तोंडाला कुलूप नाही. “कवा म्हणतीस थंडी वाजती, कवा म्हणतीस उकडतंय. एक कायतरी ठरीव की!”

“ठरवायला माझ्या हातात हाय व्हय? अंगालाच इचारा,” मदिना म्हणायची.

इथवर आमचं हसण्यावारी चाललं होतं. चूक झाली ती रमजानात, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत झाली. गुडघे दुखतात म्हणून औषधाच्या दुकानदारानं तिला कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या. पहाटे सहरीला घरातल्या सगळ्यांचं खाणं करून, वाढून, स्वतः जेवायला तिच्या वाट्याला शेवटची पाच मिनिटं यायची. मग भाकरी, दूध, कॅल्शियमची गोळी आणि थायरॉईडची गोळी, सगळं एका दमात घशाखाली. एकदा रोजा सुरू झाला की दिवसभर काही घेता येत नाही, म्हणून एकदाच सगळं उरकायचं. महिनाभर हेच चाललं. तिला वाटलं, गोळी पोटात गेली म्हणजे लागू पडली.

ईद झाली आणि रक्त तपासलं. आकडा बिघडलेला आला. डॉक्टरांनी कागद बघितला, बाईकडे बघितलं नाही, आणि गोळीची ताकद वाढवली. त्यांनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. कॅल्शियमची बाटली संपली होती. मदिना पुन्हा पूर्वीसारखी उठल्या उठल्या पाण्याबरोबर गोळी घेऊ लागली. आता ती गोळी पुरेपूर अंगात जात होती. आणि होती मोठी.

मित्रांनो, पुढचे महिने आठवले की माझी पाती आजही गार पडतात.

मदिना वाळायला लागली. जिना चढली की तिचं काळीज धाडधाड पळायचं. चहाचा कप उचलला की बशीत खुळखुळायचा. कुणाला सांगितलं तर एकच उत्तर मिळायचं, “पाळी जायचं वय हाय, असंच हुतंय.” शेजारीण तेच म्हणाली, नणंद तेच म्हणाली. जणू पन्नाशीला आलेल्या बाईला दुसरं काही होऊच शकत नाही! चार महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायला या असं कागदावर लिहिलं होतं. तो कागद फ्रिजवर पिवळा पडला.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती माझ्या जाळीला तोंड लावून बसायची. तुम्ही पोरं पंख्यासमोर आ करून आवाज काढता ना, तशीच. पण ती खेळत नव्हती. “माझ्या अम्मीचं काळीज असंच पळायचं,” ती पुटपुटायची. “एक दिवस वट्यावर बसल्या बसल्या थांबलं. पन्नास पुरी न्हवती. माझंबी तसंच हुणार.” मी तिचे शब्द तुकडे तुकडे करून तिच्याच तोंडावर फेकत होतो. दुसरं मला काय येतं? वारा म्हणजे औषध नव्हे. ती थोडा वेळ गप्प बसली की मी माझी घरघर कमी करून तिचा श्वास ऐकायचा प्रयत्न करायचो. येतोय का? आला. पुढचा येतोय का?

मग डिसेंबर आला. मुरगूडच्या शांतव्वा नात सुष्मिताला घेऊन चुडा भरायला आल्या. बरोबर सुष्मिताची आई होती. शांतव्वा म्हणजे जुनं गिऱ्हाईक, सत्तरी ओलांडलेली ठणठणीत म्हातारी.

हळदीकुंकवाचं ताट पुढं ठेवलं आणि सुष्मिताची आई म्हणाली, “तेवढा पंखा बंद करा वो, कुंकू उडतंय.”

मला बंद केलं. मी थांबलो आणि नुसता बघत राहिलो.

पहिली बांगडी चढली. दुसरी चढली. मदिनाच्या कपाळावरून घाम हनुवटीला आला. तिसऱ्या बांगडीला तिची बोटं थरथरली आणि कट्कन आवाज झाला. एक नाही, दोन बांगड्या वाढल्या. सुष्मिताच्या मनगटावर रक्ताचा थेंब उभा राहिला.

“लग्नाच्या तोंडावर हे काय वो?” आईचा आवाज चढला.

मदिनाला ते ऐकूच आलं नाही. ती छातीवर हात ठेवून भिंतीला टेकली होती, ओठ पांढरे. मला वाटलं, झालं. अम्मीचं वट्यावर झालं, तेच इथं झालं.

शांतव्वांनी सुनेला हातानंच गप्प केलं आणि मदिनाचं मनगट धरलं. “यव्वा! ही नाडी हाय का उधळलेलं घोडं?”

“वयाचं हाय वो ते, बायकांचं,” दारातून चमन म्हणाला.

“गप रं! माझीबी पाळी गेली की. घामानं लुगडं पिळून घेत हुती. पर हात असा कापला न्हाय, आन मी अशी खारकंसारखी वाळली न्हाय. बघत काय उभा ऱ्हायलास? रिक्षा बोलीव!”

दवाखान्यात मी नव्हतो. संध्याकाळी मदिनानं नणंदेला सांगितलं तेव्हा मला कळलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी हृदयाचा आलेख काढला, मग रक्त घेतलं, आणि मग सरळ विचारलं, “गोळी कधी घेता? कशाबरोबर घेता?” दोन वर्षांत हे पहिल्यांदा कुणी विचारलं. रमजानाचं सगळं बाहेर आलं. दूध आणि कॅल्शियम असलं की ही गोळी अंगाला नीट लागत नाही, कॅल्शियम चार तास लांब ठेवायचं, हे त्यांनी समजावलं. रक्ताचा अहवाल आला आणि गोळी कमी झाली. “अंगात चढणारा जाळ पाळीचा आहे, तो वेगळा. त्यालाही उपाय आहेत, सोसत बसू नका. आणि पुढच्या रमजानाआधी मला येऊन भेटा,” असंही त्यांनी सांगितलं.

सुष्मिताचा चुडा दुसऱ्या दुकानात भरला. मदिना त्या दिवशी जेवली नाही. काही गोष्टी गेल्या त्या गेल्या.

आता चमन सकाळी स्वतः गोळी आणि पाण्याचा तांब्या आणून देतो, आणि तासभर चहाचं पातेलं अडवून बसतो. काळीज पळायचं थांबायला दीड महिना लागला. जाळ मात्र अजून येतो.

परवा दुकान बायकांनी भरलं होतं. बांगडी अर्ध्यावर असताना जाळ आला. मदिनानं बांगडी खाली ठेवली आणि सगळ्यांच्या देखत खणखणीत आवाजात म्हणाली, “दोन मिनटं थांबा बायांनो. माझी पाळी जायला लागलीया, अंगात जाळ आलाय.”

कोपऱ्यातली एक हळूच म्हणाली, “मलाबी येतो.” दुसरी म्हणाली, “मलाबी.” तिसरीनं पदरानं कपाळ पुसलं. तिचा हात बघितला तर थरथरत होता. मदिनानं नाडी बघायला तिचं मनगट धरलं.

मित्रांनो, मी आज ना उद्या भंगारात जाईन, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण तुमच्या घरातली बाई थंडीत घाम पुसत बसली, तर तिला येडी म्हणू नका आणि “वय झालं” म्हणून तोंड फिरवू नका. तिच्याजवळ बसा. ती गोळी कधी घेते, कशाबरोबर घेते, आणि तिला कशाची भीती वाटते, ते विचारा. टेबलावरचा पंखा ऐकतो, पण त्याला रिक्षा बोलावता येत नाही. तुम्हाला येते.