निजवायचा राहिलेला कोंगा

ताईच्या घरात ‘निजवणं’ या शब्दाला दोन अर्थ होते. एक जगाला ठाऊक असलेला आणि दुसरा धाकट्या भावाचा. कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचा उंच उभा ढोल, वाजवून झाला की तो पाना घ्यायचा, कडेचे सहाही नट थोडे थोडे सैल करायचा आणि म्हणायचा, निजवला. कातड्याचा ताण उतरवला नाही तर ते सुकून आक्रसतं आणि एक दिवस फाटतं, हे त्याने ताईला शंभरदा सांगितलं असेल. ताईने शंभरदा ‘हो बाबा’ म्हटलं असेल आणि एकदाही नीट ऐकलं नसेल. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता, घरातले डबे बडवतो म्हणून पाठीत धपाटे घातले होते. त्या पठ्ठ्याने डब्यांवरून थेट कमरेएवढ्या कोंग्यावर उडी मारली. आता काय बोलणार, कप्पाळ!

आठ महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी तो रंगात येऊन वाजवत होता आणि ताईने त्याला मधूनच दूध आणायला पिटाळलं. चपला घालता घालता तो म्हणाला, "आलोच. आल्यावर निजवतो."

दुकानाच्या पायरीवरच त्याच्या छातीत कळ आली. तो घरी आलाच नाही.

मग लोकांनी सल्ल्यांचा सपाटा लावला. कपडे देऊन टाक, खोली आवर, ढोल कुणा वाजवणाऱ्याला दे. ताईने कपडे दिले, खोली आवरली, पण कोंग्याला कुणाला हात लावू दिला नाही. त्याने शेवटचा जसा ताणला होता तसाच तो ताणलेला होता. रोज सकाळी ती त्यावर एका बोटाने टकटक करायची, आवाज ऐकायची आणि कामाला लागायची. वेडेपणा म्हणा हवं तर. त्या टकटकीवर तिचा दिवस निघायचा.

गेल्या आठवड्यात भर दुपारी, ऊन रणरणत असताना, आतल्या खोलीत फाडकन आवाज झाला. ताई भाजी टाकून धावली. कातडं या कडेपासून त्या कडेपर्यंत उभं फाटलं होतं.

कोंगा रिक्षात घालून ती दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. वाद्यं दुरुस्त करणारा माणूस जाड चष्म्याचा आणि फटकळ तोंडाचा होता. तसं कातडं आता मिळत नाही, त्याच्या जागी फायबरचं पान बसवावं लागेल, असं त्याने बघताक्षणीच सांगून टाकलं. ताईने एकच विचारलं, आवाज तोच येईल ना? बघू या, म्हणाला. दुरुस्तीवाल्याचं ‘बघू या’ म्हणजे काय असतं हे तिला कळत होतं, पण तिने ते कळून घेतलं नाही.

त्याने नट काढले, लोखंडी कडं उचललं, फाटकं कातडं सोडवलं. फाटलेल्या रेषेवरून बोट फिरवलं आणि त्याचा पारा चढला.

"किती दिवस असं ताणून ठेवलं होतं? वाजवणारा गाढवच असला पाहिजे."

"त्याला काही बोलू नका," ताई म्हणाली. "तो निजवणार होता. मी निजवू दिलं नाही."

एवढं बोलली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. जो आवाज जिवापाड जपला, तो जपून जपूनच तिने फाडला होता. तिने स्टूल कोंग्याजवळ ओढलं. दुरुस्तीवाला कामाला लागला. लाकडाचा काठ त्याने फडक्याने पुसला, नवं पांढरं पान बसवलं, वर कडं ठेवलं. मग एक नट अर्धा फेरा, समोरचा अर्धा फेरा, असं करत पान सगळीकडून सारखं ताणलं. मधेमधे वाजवून बघत होता. अजून थोडं वर, ताई सांगत होती. अजून थोडं. तिच्या बोटाला तो सूर पाठ होता.

"बस," ती म्हणाली.

सूर बरोब्बर तोच लागला होता. आवाज मात्र परका होता, कोरा आणि कडक. ताईने पुन्हा टकटक केली, पुन्हा केली. आठ महिने तो दूध आणायला गेलाय असं तिने स्वतःला भासवलं होतं, ते आता पुढे चालेना.

दुरुस्तीवाल्याने नरमाईने सांगितलं की या पानाला सैल करायची कटकट नाही, वर्षभर ताणलेलं राहिलं तरी याला काही होत नाही. बाईला तेवढंच बरं वाटेल, असं त्याला वाटलं.

ताईने पिशवीतून धाकट्याचा पाना काढला.

"अहो, गरज नाही त्याची."

"माहीत आहे. त्याचं राहिलंय."

तिने एकेक नट सैल केला, सहाच्या सहा. पाना दोनदा घसरला. सूर उतरत उतरत पार बसला, तेव्हा तिने पानावर तळवा ठेवला, त्याला लहानपणी थोपटायची तसा.

"निजवला रे," ती म्हणाली. "दूध मी आणते."