थोरलीने टांगलेला दोर

या, मित्रांनो, थोडे जवळ सरकून बसा. हात लावलात तरी चालेल, फक्त जरा टोचेन. मी एक जुना दोर आहे, मनगटाएवढा जाड आणि मातीच्या रंगाचा. सबंध वस्ती माझ्या अंगाला झोंबली, त्या दिवसाची गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

रानाच्या उतारावर आमच्या जमातीची चाळीस घरं. प्रत्येक घराने घायपाताचा मूठभर वाख दिला, बायकांनी तो मांडीवर वळला, पुरुषांनी पीळ भरला आणि मी जन्मलो. म्हणून मी कुणा एकाचा नाही. आमच्याकडे मजूर लावत नाहीत. ज्याला घर बांधायचं किंवा सावरायचं असेल, त्याने संध्याकाळी मला आपल्या दाराला टांगायचं. सकाळी सगळी वस्ती त्या दारात हजर! घराला वर्षातून एक पाळी. तोंड उघडून मागायची वेळ कुणावर येत नाही. देवाने माणसाला शहाणपण दिलं, ते अशा रीतींसाठीच असावं.

एका वर्षी वस्तीतल्या दोन जावांपैकी धाकटीच्या घराचं आढं तडकलं. आढं म्हणजे घराचा कणा, सगळं छप्पर त्याच्यावर तोललेलं. तिचा नवरा वारलेला, ती पायाने अधू, पदरात दोन लेकरं. दोन वर्षं ती कुणाच्याच कामाला जाऊ शकली नव्हती. मग आपण कुठल्या तोंडाने दोर न्यायचा, असं म्हणून ती मला न्यायला येईना. वस्ती तिची वाट बघत राहिली आणि ती वस्तीला लाजत राहिली. छप्पर मात्र रोज बोटभर खाली येत होतं.

शेजारीच तिची थोरली जाऊ राहायची. एका कोंबडीवरून दोघींचं आठ वर्षं बोलणं नव्हतं. कोंबडी कधीच मेली. अबोला मात्र धडधाकट!

एका सकाळी धाकटीने दार उघडलं, तर मी चौकटीला लटकलेलो आणि अंगण माणसांनी भरलेलं. खोटं बोलणं तिला ठाऊक नव्हतं. हा दोर मी टांगला नाही, असं तिने सरळ सांगून टाकलं. घरच्या माणसाने टांगल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, हा नियम. ओढकामाला गाण्याची हाळी देणारे आजोबा नाइलाजाने मला गुंडाळू लागले. माझा पीळच गळून गेला.

तेवढ्यात थोरली जमिनीकडे बघत पुढे आली.

“मी टांगला.”

“बाई, दुसरीच्या दाराला?” आजोबांनी विचारलं.

“मग माझंच दार समजा. माझी यंदाची पाळी तिला दिली. तिचं छप्पर कोसळलं तर माझ्याच भिंतीवर येणार ना!”

दोन घरांत वीस पावलांचं अंतर होतं. कुणीतरी फिसकन हसलं.

“आणि तुझी भिंत कलली आहे, तिचं काय?” धाकटीने विचारलं. आठ वर्षांत थोरलीशी हे तिचं पहिलं वाक्य.

“तिला टेकू लावेन. तू नंतर रड. आधी हाळी दे. आजोबांचा घसा बसलाय, आणि लाकूड काही कुजबुजून चढत नाही.”

धाकटीचा गळा गोड होता, हे वस्ती विसरली नव्हती. तीच विसरली होती. रानातल्या तोडलेल्या खोडाला मला बांधलं आणि तिने पहिली ओळ उचलली. ऐंशी हातांनी मला ओढलं. वळणावर खोड दगडात अडकलं. माझे दोन पदर तटतट तुटले. आता सगळंच गडगडत खाली जाणार, असं मला वाटलं. धाकटीचा सूर कापला, पण थोरलीने तो झेलला, मग सगळ्यांनी झेलला. त्या एका आवाजासरशी खोड दगडावरून उठलं! दिवस मावळायच्या आत नवं आढं जागेवर बसलं. मी धुळीत पडलो होतो, पण राजासारखा.

मित्रांनो, आता मी आढ्याला टांगलेला असतो. पण दर वर्षी घरोघरचा मूठभर वाख माझ्यात वळला जातो, म्हणून अजून कामाचा आहे. मला भिजू देऊ नका, उंदरांपासून जपा. आणि एवढं करा, त्या थोरलीची आठवण ठेवा. टेकू लावलेल्या भिंतीआड तिने वर्षभर वारा सोसला. मला विचाराल तर त्या वर्षी सगळ्या वस्तीत तिच्याइतकं भक्कम घर कुणाचंच नव्हतं.