गुडघ्यावरची पिवळी खूण

मित्रांनो, मला नीट पाहायचे असेल तर थोडी मान वाकडी करावी लागेल, कारण मी उलटी टांगलेली आहे. पाय वर आणि छाती खाली. मी एक जुनी रबरी विजार आहे. नदीत उभे राहून मासे धरणारी माणसे घालतात तसली, पावलापासून छातीपर्यंत येणारी, खांद्यावर दोन पट्टे असलेली. दुकानात मला वेडर म्हणत. या घरात मला 'नदीची विजार' म्हणतात. माझ्यावरून घालायचे जड बूट खाली जमिनीवर ठेवले आहेत. आम्ही एकाच दिवशी या घरात आलो. आता दोघेही थकलो आहोत. पण तुम्ही आलाच आहात, तर सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. दोन जाड कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून मला बनवले. शिवून झाल्यावर प्रत्येक शिवणीवर आतून रबराची पट्टी चिकटवली. गुडघ्यांवर दुहेरी कापड लावले. त्यामुळे मी जड झाले, आणि रंग म्हणाल तर चिखलाचा. दुकानात मी कोपऱ्यातल्या खुंटीवर होते. शेजारी हलक्या, हिरव्या, चकचकीत विजारी होत्या. गिऱ्हाईक आले की आधी त्यांना हात लावी. चुकून माझ्याकडे वळलेच, तर मला उचलून 'बाप रे' म्हणे आणि परत ठेवी.

एके दिवशी एक जोडपे दुकानात आले. नवरा उंच, लांब पायांचा, किंचित पुढे वाकलेला. तो नदीत तासन्‌तास न हलता उभा राहतो म्हणून सगळे त्याला बगळा म्हणत. मासे धरून बाजारात विकणे हा त्याचा धंदा. बायको ठेंगणी होती आणि शिवणकाम करायची. बगळ्याने आल्याआल्या हिरवी विजार उचलली.

"ही बघ. पिसासारखी आहे."

"मग बगळ्याला शोभेलच," ती म्हणाली. "द्या इकडे."

तिने ती विजार उलटी केली आणि शिवणीवरून नख फिरवले. एका जागी पट्टीची कड नखाला लागून उचलली गेली. तिने ती मुकाट्याने परत ठेवली. मग मला काढले. माझ्याही शिवणीवरून नख फिरवले, दोन्ही पायांवरून, सावकाश. मला गुदगुल्या झाल्या, पण पट्टी कुठे उचलली गेली नाही.

"घाला," ती म्हणाली. त्याने घातली. "आता उकिडवे बसा."

"इथे? लोक बघतायत."

"नदीत काय नुसते उभेच राहणार आहात? वाकाल, दगडावर गुडघा टेकाल. बसा गुपचूप."

बगळा भर दुकानात उकिडवा बसला. मी कुठे ताणले गेले नाही. मग बूट आले. त्याने आपले नेहमीचे माप मागितले. तिने पिशवीतून जाड लोकरी मोजे काढून त्याच्या मांडीवर टाकले. "हे घालून बघा. आत मोजे, त्यावर ही विजार, त्यावर बूट. पाय आवळला तर गार पडेल, आणि गार पडलेल्या पायाला दगड कळत नाही." मोज्यांवर नेहमीचा बूट चढेना. शेवटी एक माप मोठा घेतला. गुळगुळीत तळ तिने बाजूला सारले आणि तळाला जाड नमदा लावलेला जोड निवडला. ओल्या शेवाळावर लोकरीचा तो जाड थरच धरून राहतो.

दुकानदार हे सगळे हाताची घडी घालून बघत होता. "ताई, लग्नाच्या वेळी नवऱ्याची एवढी पारख केली होती का?"

"तेव्हा घाई झाली," ती म्हणाली. "म्हणून आता सावकाश करते."

सगळ्यात मोठ्याने बगळाच हसला.

मित्रांनो, नदीतले काम तुम्हाला दुरून सोपे वाटेल. पाणी चारी बाजूंनी दाबते. पाय टाकायचा तो चाचपून टाकायचा. बगळा मला घाली, खांद्याचे पट्टे ओढून घेई आणि कमरेला पट्टा घट्ट आवळी. कमरेचा पट्टा ही तिची सक्त ताकीद होती. माणूस पडला तर वरून शिरलेले पाणी कमरेशीच अडते, खाली पायांत भरत नाही. पट्टा न लावता तो दाराबाहेर पडला, तर ती शिवणयंत्रावरून उठून मागे येई आणि रस्त्यात, लोकांदेखत, त्याची कंबर आवळी. नदीवर त्याच्या जोडीला एक मासेवाला असे. तो कधीच गप्प बसत नसे म्हणून त्याला मुका म्हणत. मुका म्हणे, "वहिनी, आणखी आवळा, अजून श्वास घेतोय." त्या वर्षांत इतरांच्या कितीतरी हिरव्या विजारी फाटून उकिरड्यावर गेल्या. मुका मला दाखवून म्हणायचा, "याची विजार याच्यापेक्षा जास्त जगणार." मला तेव्हा अभिमान वाटे. आता ते वाक्य नको वाटते.

मी टिकले ते केवळ जाड होते म्हणून नव्हे. रोज घरी आल्यावर ती मला गोड्या पाण्याने धुवी, आतून घामाने ओली झालेली असे म्हणून उलटी करी आणि मागच्या खोलीत दोन खुंट्यांना पायांनी टांगी. ऊन नाही, चूल जवळ नाही. घडी तर कधीच नाही. रबराची घडी पडली की तिथेच ते चिरते.

थंडी सुरू होण्याआधी ती माझी तपासणी करी. अंगणातल्या लोखंडी दांडीला मला सुलटी बांधून आत बादलीने पाणी ओती आणि लहान स्टूल घेऊन समोर बसे. कुठे भोक असेल तर बाहेरून पाण्याचा एक थेंब फुटतो, मोहरीएवढा. तो पुसायचा आणि त्याभोवती गोल काढायचा. कापडावर खुणा करायची तिची पिवळी मेणाची पेन्सिल होती, तीच ती वापरी. मी पूर्ण वाळले की पॉलिश पेपरने ती जागा घासायची, खूण पार जाईपर्यंत. मेणावर पंक्चरचे सोल्यूशन धरत नाही. मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापायचा, त्याचे कोपरे गोल करायचे, कारण ठिगळ नेहमी कोपऱ्यातून उपटते, आणि चिकटवून वर इस्त्री ठेवायची. गरम नव्हे, नुसती वजनाला. अशी तिची कितीतरी ठिगळे माझ्या अंगावर आहेत. त्यांतून कधी पाणी आले नाही.

एका वर्षी तिने तपासणी केली आणि माझ्या डाव्या गुडघ्याशी गोल काढला. मला वाळायला टांगले. वाळून झाले तरी ती आली नाही. खोकल्याचा आवाज येई, मग तोही पलीकडच्या खोलीत गेला. घरात माणसे येऊ-जाऊ लागली, हळू बोलू लागली. मी खुंटीवरच होते. मग एक दिवस घरात पुष्कळ चपला आल्या आणि गेल्या. त्यानंतर शिवणयंत्र वाजले नाही.

मित्रांनो, याबद्दल मला जास्त सांगता येणार नाही.

बगळा परत नदीवर जाऊ लागला तेव्हा थंडी चांगलीच पडली होती. त्याने मला खुंटीवरून काढले, गुडघ्यावरचा पिवळा गोल पाहिला आणि तिथे अंगठा ठेवून बराच वेळ उभा राहिला. सोल्यूशनची डबी समोरच्या फळीवर होती. पॉलिश पेपर होता, ट्यूब होती. त्याने यातले काही घेतले नाही. मला तसेच घातले.

त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यातून त्याच्या अंगाला पाणी लागले. मोहरीएवढ्या भोकातून थेंब-थेंब येत राहिले, पोटरीवरून उतरून मोज्यात साचले. दुसऱ्या दिवशीही तेच. मी काही करू शकत नव्हते. धुताना तो माझे सगळे अंग चोळून धुवी, पण तो गोल सोडून. घरी येऊन एकच पाय शेकत बसे. मला मात्र तो रोज ती टांगे तसेच उलटे टांगी, आणि कमरेचा पट्टा लावायला तो एकदाही विसरला नाही.

मुक्याच्या लक्षात आलेच. "बगळ्या, तुझा एक मोजा रोज पिळतोस. गळतेय का ही?"

"गळू दे."

"अरे, ठिगळ लाव की!"

"लावीन."

"कधी? पाय झडल्यावर?"

बगळा मोजा पिळत राहिला. मुका एवढा बोलका, पण त्याने पुढे विचारले नाही.

व्हायचे तेच झाले. कडाक्याच्या थंडीत एका सकाळी बगळा कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. डावा मोजा पाण्याने भरला होता. पाय बधिर झाला होता. त्याने पुढे पाऊल टाकले, नमद्याने दगड धरला, पण पायाला ते कळलेच नाही. तो आडवा झाला. पाणी माझ्या छातीतून आत घुसले आणि कमरेच्या पट्ट्याशी अडले. मी जीव खाऊन तो पट्टा धरून ठेवला. मुका ओरडत आला, खांद्याच्या पट्ट्याला धरून त्याने त्याला काठावर ओढले. वर आल्यावर मुका रडत होता आणि शिव्या देत होता, दोन्ही एकदमच.

दुसऱ्या दिवशी बगळ्याची मुलगी सासरहून आली. बापाचा गुडघा सुजून कलिंगडासारखा झाला होता. तिने तो शेकला. मग मागच्या खोलीत आली आणि मला खुंटीवरून ओढून बापाच्या खाटेपाशी नेले.

"बाबा, ही मी टाकून देतेय."

"ठेव ती खाली."

"ठेवते कसली! हिनेच तुम्हाला बुडवलं असतं."

"तिची काही चूक नाही. ठेव म्हणतो ना."

मुलीने मला खिडकीपाशी नेले. तिला गुडघ्यावरचा गोल दिसला. आईची पेन्सिल तिने ओळखली. लहानपणी तसल्याच पेन्सिलीने तिच्या फ्रॉकवर खुणा होत. ती खाटेच्या कडेला बसली. मी तिच्या मांडीवर होते.

"ही खूण आईने काढलीय."

"हो."

"म्हणून तुम्ही ठिगळ लावलं नाहीत?"

"घासावं लागतं अगोदर," बगळा म्हणाला. "पुसली जाईल. तिच्या हातचं शेवटचं काम आहे ते."

 मुलगी नाक पुसून म्हणाली, "बाबा, शेवटचं काम कुठलं? आईने ते करायला घेतलं होतं, झालं नव्हतं. भोक तसंच ठेवून तुम्ही नदीत उतरलात हे तिला कळलं असतं, तर काय म्हणाली असती?"

बगळ्याने भिंतीकडे तोंड केले. त्याचे खांदे हलत होते. मग तो म्हणाला, "म्हणाली असती, बगळ्याला अक्कल नसते."

"मग?"

"पॉलिश पेपर फळीवर आहे. आण."

मुलगी घासायला निघाली तर तिच्या हातातून त्याने कागद काढून घेतला. गुडघा उशीवर ठेवून, मला मांडीवर घेऊन, तो स्वतः घासत बसला. आधी गोलाची बाहेरची कड गेली. मग आतली. तो मधेच थांबला, फुंकर मारली, पुन्हा घासू लागला. शेवटी माझ्यावर नुसते घासलेले करडे कापड उरले आणि त्याच्या बोटांवर थोडे पिवळे. ट्यूबचा तुकडा त्याने चौकोनी कापला. "कोपरे," मुलगी म्हणाली. त्याने कोपरे गोल केले. सोल्यूशन लावले, ठिगळ दाबले. मुलीने वर इस्त्री ठेवली.

ते ठिगळ जरा वाकडे आहे. माझ्या अंगावरचे सगळ्यात कुरूप तेच. पण गुडघा बरा झाल्यावर तो नदीत उतरला, आणि घरी येऊन त्याने मोजा पिळून पाहिला, तर तो कोरडा होता.

त्यालाही आता बरीच वर्षे झाली. बुटांना मोच्याने पुन्हा नमदा लावून दिला, तोही झिजला आहे. बगळा रोज जात नाही, मुका बोलावतो तेव्हाच जातो. मीही पूर्वीची राहिले नाही. खांद्याचे पट्टे सैल पडलेत, पाण्यात शिरायचे म्हटले की आधी कंटाळा येतो.

मित्रांनो, तुम्ही माझ्यासारखे काही विकत घ्याल तेव्हा ते उलटे करून शिवण बघा, घालून उकिडवे बसा, लोक हसले तर हसू द्या. घरी आल्यावर धुवा, टांगा, घडी घालू नका. आणि तुमच्या माणसाने एखादे काम अर्धे ठेवले असेल, तर ते तसेच जपून ठेवू नका. पुरे करा. आपल्या हाताने वाकडे झाले तरी चालेल.

परवा बगळ्याने मला दांडीला बांधून पाणी भरले. डाव्या घोट्यापाशी थेंब फुटला. त्याने तो पुसला आणि तिच्याच पेन्सिलीने गोल काढला. पेन्सिल आता नखाएवढी उरली आहे, चिमटीत धरावी लागते. तेव्हापासून मी इथे वाळत टांगलेली आहे. आता पुरती वाळले आहे.

पावले वाजली. तोच आहे. जरा बाजूला व्हा मित्रांनो, त्याला उजेड लागेल. त्याच्या हातात पॉलिश पेपर आहे.