अस्वलांसाठी चिपळ्या

खिंडीच्या तोंडाशी अस्वलाचं चित्र असलेली पिवळी पाटी दिसली, तशा स्वरूपाताईंनी पाठपिशवीतून चिपळ्या काढल्या आणि खणखणीत वाजवल्या.

“आई, त्यासाठी घंटा आणलीय आपण. इथे सगळे तीच बांधतात.”

“ती गाईच्या गळ्यात शोभते. माझ्या अस्वलांना तालात पळू दे.”

अश्लेषा हसली नाही. हसली असती तर आईचं फावलं असतं.

जपान समुद्राच्या काठावरून निघून आज आठवा दिवस. डोंगर, भाताची कापलेली खाचरं, पुन्हा डोंगर. आणखी दोन दिवसांनी पलीकडचा प्रशांत महासागर. हौसेनं निघालं नव्हतं कुणी. ही पैज होती. गेल्या चैत्रात पुण्यात, आख्यान ऐन रंगात आलेलं असताना, चौसष्ट वर्षांच्या स्वरूपाताई चक्कर येऊन कोसळल्या. आरती झालीच नाही. लेकीनं त्यांना जपानमधल्या ग्योतोकुच्या आपल्या फ्लॅटमध्ये आणलं आणि बजावलं, आता तीन-तीन तास उभं राहणं बंद. पण तिथल्या मराठी मंडळानं दत्तजयंतीला कीर्तन मागितलं आणि घरात वाजलंच. शेवटी अश्लेषानं अट घातली : या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत पायी चालून दाखव. एकदाही गाडीत बसलीस तर कीर्तन कायमचं बंद. आई कचरेल, असं तिला वाटलं होतं. आई त्याच संध्याकाळी बूट घ्यायला निघाली. मग नोकरीतून रजा काढून लेक सोबत आली, पहारा ठेवायला.

“दमलीस का?” खिंड चढून आल्यावर अश्लेषानं विचारलं. “खाली बस मिळते.”

“तूच बस. माझं आख्यान मध्येच राहिलंय. तुटलं तर एक ओळ मागे जाऊन धरायचं असतं, टाकायचं नसतं.”

उतारावर सफरचंदाची बाग लागली. ओल्या पानांवरून अश्लेषाचा पाय सटकला तो तिथेच. घोटा बघता बघता वांग्यासारखा सुजला. बागेच्या मालकीणबाई, सत्तरीच्या शिमिझु-सान, कुंपणातून पाहत होत्या. दोन वाक्यं बोलून त्यांनी आपली जुनी निळी गाडी आणली.

“त्या मला दवाखान्यात सोडतील,” अश्लेषा दात आवळून म्हणाली. “तू चाल. मुक्कामाचं गाव सातच किलोमीटर आहे. संध्याकाळी भेटू.”

स्वरूपाताईंनी हातातली काठी कुंपणाला टेकवली.

“आत सरक,” त्या म्हणाल्या.

“आई, अट—”

“सरक म्हणते ना!”

हाड मोडलं नव्हतं. पाय आवळून बांधला, कुबडी दिली. संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत स्वरूपाताईंनी चिपळ्या शेल्यात गुंडाळल्या आणि लेकीच्या उशाशी ठेवल्या.

“हरले मी. शब्द म्हणजे शब्द. मंडळाला तू कळव.”

“मी तुला बसायला सांगितलं नव्हतं.”

“तू पडलीस तेव्हा तुला विचारत बसू होय?” त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पाठ मात्र ताठ होती.

सकाळी निळी गाडी दाराशी उभी. स्टेशनला जायचं, असं धरून स्वरूपाताई मागे बसल्या. पुढे बसलेली अश्लेषा शिमिझु-सानशी जपानीत बोलत होती. गाडी स्टेशनच्या पाटीवरून सरळ पुढे गेली आणि डोंगराला लागली. ती थांबली तेव्हा समोर सफरचंदाची बाग होती आणि कुंपणाला टेकलेली काठी.

“उतर,” अश्लेषा म्हणाली.

“अगं, पण मी बसले होते गाडीत.”

“हो. बसली होतीस.” अश्लेषानं काच खाली केली. “कुठून धरायचं ते तुला ठाऊक आहे. मी दोन दिवस पुढच्या मुक्कामांवर थांबते. शिमिझु-सान सोडतायत.”

स्वरूपाताई खाली उतरल्या. खिडकीतून शेल्याचं गाठोडं पुढे आलं.

“हे घे. तू येत्येस ते अस्वलांना कोण सांगणार?”

त्यांनी गाठोडं सोडलं. शेला कमरेला आवळून बांधला, कीर्तनाला उभ्या राहताना बांधायच्या तसा. काठी उचलली. पण उताराला लागण्याऐवजी त्या वळल्या आणि वर चढू लागल्या. शिमिझु-साननी चकित होऊन काहीतरी विचारलं. अश्लेषानं नुसती मान हलवली.

लेक घसरली होती ती ओली पानं ओलांडून स्वरूपाताई आणखी दहा-बारा पावलं मागे गेल्या. तिथे थांबल्या. तोंड पलीकडच्या समुद्राकडे केलं, चिपळ्या हातात घेतल्या.

गाडी उतारावरून संथ निघाली होती. तिची काच अजून खालीच होती.