सैल पट्ट्याची शिकवणी

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जन्मभर मी दुसऱ्यांचेच बोलणे बोलत आलो, स्वतःचे एक वाक्य काही मला कधी बोलता आले नाही. ते आले असते, तर एका भल्या माणसाची फजिती टळली असती. आज ते सांगून मन हलके करतो.

कारखान्यात लांब टेबलाशी बसलेल्या बायकांनी मला जोडले. शेवटच्या बाईने चिमट्याने माझ्या पोटात एक रबरी पट्टा चढवला. बांगडीएवढा घेर, जाड दोऱ्याएवढी जाडी. मोटार पट्टा ओढते, पट्टा चाक फिरवतो आणि कॅसेट चालते. "हा ताठ आहे तोवर तू शहाणा," असे ती हसून म्हणाली. मला तेव्हा तिचा राग आला होता.

मला विकत घेतले ते एका मिस्त्रींनी, बायकोच्या हौसेखातर. जळालेल्या पंख्यांच्या मोटारींना नवी तांब्याची तार गुंडाळून ते पुन्हा फिरत्या करत. बाई शिवण करताना माझ्यावर गाणी ऐकत. त्यांची आवडती कॅसेट इतकी वाजली की तिच्यावरची अक्षरे पुसून गेली. त्या मला रोज मऊ फडक्याने पुसत आणि शेजारणींना सांगत, "आमचा कसा खणखणीत वाजतो बघा." ते माझे सोन्याचे दिवस होते. पुढे त्या वारल्या, मुलगा नोकरीसाठी जपानला गेला आणि मी दुकानाच्या फळीवर धूळ खात पडलो. नऊ वर्षे कोणी माझे बटण दाबले नाही. रबर वापरून झिजते, तसे नुसते पडून राहूनही सैल होते.

मुलाने तिकडेच लग्न केले. नात झाली. तिला फक्त आईची भाषा येई. "बाबा, मी कामावरून येतो तोवर ती झोपलेली असते, शिकवू कधी?" असे मुलगा फोनवर म्हणायचा. दर रविवारी ती मोबाइलच्या पडद्यावर दिसे. मिस्त्री हात हलवत, तीही लाजून हात हलवी आणि तोंडातून अक्षर न काढता पळून जाई. ती सहा वर्षांची झाली तेव्हा मुलाने कळवले की पुढच्या वर्षी दहा दिवस सगळे येतोय. मिस्त्रींनी मनाशी खूणगाठ बांधली. त्या दहा दिवसांत नातीशी आपण स्वतः बोलायचे, मध्ये दुभाषा नको. तोवर कोणाला सांगायचेही नाही.

रद्दीवाल्याकडे त्यांना जपानी बोलायला शिकवणाऱ्या चार कॅसेट मिळाल्या. सोबत अर्थाची एक पुस्तिका होती. त्यांनी मला फळीवरून उतरवले, फुंकर मारली आणि बटण दाबले. माझा पट्टा लोंबला होता. कॅसेटमध्ये शिकवणारी एक तरुण बाई होती, पण माझ्या तोंडून निघाला तो जाड, ओढलेला, पुरुषी आवाज. मिस्त्री त्याला आदराने मास्तर म्हणू लागले.

"काय निवांत माणसं आहेत," ते शेजारच्या किल्लीवाल्याला म्हणाले. "एक शब्द बोलतात, थांबतात, मग दुसरा."

"मग भांडायला त्यांना आठवडा लागत असेल," किल्लीवाला म्हणाला.

गल्लीतल्या कुठल्याही मोटारीची चाल मिस्त्री नुसत्या कानाने ओळखत. पण जी भाषा कधी ऐकलीच नाही, तिची चाल कशी ओळखणार? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आणि बायकोची कॅसेट ऐकणे त्यांना सोसत नसे, म्हणून माझा दोष कळायची ती वाटही बंद होती. मला सगळे कळत होते. मी गप्प होतो, कारण गप्प राहण्यावाचून मला काही येत नव्हते.

तार गुंडाळता गुंडाळता ते पाठ करत. मास्तर प्रत्येक वाक्यानंतर म्हणत, "मोओ इचिदो", म्हणजे पुन्हा एकदा. मिस्त्रीही म्हणत, मोओ इचिदो. एकदा त्या नादात वेढे मोजायचे राहिले आणि अख्खी मोटार उकलावी लागली. आपला उच्चार तपासायला त्यांना आवाज भरायचा होता, पण कोरी कॅसेट कुठेच मिळेना. तीन दिवस घालमेल झाली. चौथ्या दिवशी त्यांनी बायकोच्या कॅसेटच्या कडेची, नवा आवाज भरू न देणारी भोके कागदाने बुजवली आणि तिच्या पहिल्या दोन गाण्यांवर स्वतःचा आवाज भरला. नातीला काय काय विचारायचे ते सगळे, प्रत्येक प्रश्नानंतर तिच्या उत्तराला जागा सोडून.

मुलगा, सून आणि नात आली. दुकानाच्या दारात मिस्त्री पोरीसमोर गुडघ्यावर बसले आणि वर्षभर घोटलेले वाक्य बोलले, "ओजीइसान... देस्." मी तुझा आजोबा. प्रत्येक शब्द लांबवून, खोल आवाजात, अगदी मास्तरांसारखे.

पोरगी आईच्या मागे लपली आणि हळूच काहीतरी म्हणाली. मुलगा हसला. "बाबा, ती विचारतेय, आजोबांना बरं नाहीये का? असं का बोलतात?" मग त्याची नजर माझ्यावर गेली. त्याने बटण दाबून ऐकले आणि त्याला हसू आवरेना. "अहो, याचा पट्टा सैल झालाय. हा मास्तर नाही, बाई आहे बाई."

किल्लीवाला हसला. मिस्त्रीही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. सून तेवढी हसली नाही. तिने वाकून त्यांच्याच संथ चालीत काहीतरी उत्तर दिले. पण तोवर मिस्त्रींच्या तोंडाला कुलूप लागले होते. उरलेले नऊ दिवस त्यांनी नातीला उचलून घेतले, तारेची बाहुली करून दिली, आणि एक शब्द बोलले नाहीत. निघताना ती हात हलवत होती आणि हेही हात हलवत होते, रविवारसारखेच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उघडून नवा पट्टा घातला. काम दहा मिनिटांचे होते. मग पहिली कॅसेट लावली. एक बाई भराभर बोलू लागली. मिस्त्री कान लावून बसले, पण वर्षभर पाठ केलेल्यातले एक वाक्यही त्यांना ओळखू येईना. त्यांनी मला बंद केले.

"काय झालं?" किल्लीवाल्याने विचारले.

"मास्तर गेला," ते म्हणाले, आणि बायकोची कॅसेट माझ्या पोटात घालून मला परत फळीवर ठेवले.

दोन वर्षांनी मिस्त्रीही गेले.

मुलगा दुकान रिकामे करायला आला, तेव्हा नात नऊ वर्षांची होती. तो सामान बांधत असताना तिने मला खाली काढले. माझ्यात मिस्त्रींच्या बायकोची ती कॅसेट होती. तिने बटण दाबले. सैल पट्ट्यावर भरलेला आवाज ताठ पट्ट्यावर भरभर आणि बारीक वाजतो. मिस्त्रींचे लांबवलेले शब्द आता नेमक्या तिच्या चालीने निघाले, एखादे पोर बोलावे तसे. मी तुझा आजोबा. प्रवासात पाय दुखले का? मी पंखे दुरुस्त करतो, बघायचंय? तुला कोणता रंग आवडतो? माझं चुकलं तर सांग, मी अजून शिकतोय.

प्रत्येक जागेत ती उत्तर देत होती. पाय नाही दुखले. हो, बघायचंय. निळा.

मुलगा दोर हातात धरून दारात उभा होता. आवाज संपला आणि त्यामागून आजीचे तिसरे गाणे सुरू झाले. पोरीने बटण दाबून कॅसेट मागे घेतली. "मोओ इचिदो," ती मला म्हणाली. मुलगा तोंड फिरवून रडला.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना अधूनमधून उघडून बघत जा, पट्टा स्वस्त असतो. आणि कोणी नवी भाषा चुकतमाकत बोलू लागला, तर हसण्याआधी त्याचे वाक्य पुरे होऊ द्या. पोरीने त्या दिवशी मला अकरा वेळा वाजवले, आणि अकराही वेळा उत्तरे दिली. ती ऐकायला मी होतो, आणि माझे ऐकणे काय कामाचे?